आकडा आला, पण कधीचा?

सातारा-सांगलीकडून मधुमेहाविषयी आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट खटकली. बहुतेकांनी आकडा लिहिलाय, पण तो कधी घेतला ते लिहिलेलं नाही. ‘शुगर २१० आहे, काय करू?’ जेवून दोन तासांनी आलेले २१० आणि झोपेतून उठल्या उठल्या आलेले २१० ही दोन वेगळी दुखणी आहेत. पुढच्या वेळी वेळ, शेवटचं खाणं आणि चालू औषधं एवढं तरी जरूर कळवा. खालची पत्रं त्यातल्या त्यात पूर्ण होती म्हणून निवडली.

सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत. हंगामात घरच्या शेडवर बेदाणा निवडायला बसतात. परवा सकाळी शेडवरच मशीन लावलं तर उपाशीपोटी २८७ आली! घाबरून तासाभरात लॅबला नेलं, तिथं १४८. मशीन दोन वर्षांचं आहे. फेकून द्यावं का?
— एक सूनबाई, तासगाव

मशीनच्या आधी हात तपासा. स्ट्रिपमध्ये जे रक्त ओढलं जातं ते जेमतेम अर्धा मायक्रोलिटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही कमी. शुगर १४८ असताना तेवढ्या थेंबात साखर असते पाऊण मायक्रोग्रॅमच्या आसपास. बोटाला लागलेल्या चिकट्यातून आणखी तेवढीच साखर थेंबात मिसळली की आकडा दुप्पट. ग्लुकोजला मराठीत द्राक्षशर्करा म्हणतात ते उगाच नाही. द्राक्षातली जवळजवळ अर्धी साखर थेट ग्लुकोज असते आणि मशीन नेमकं तेच मोजतं. बेदाण्यात ती वाळून आणखी दाट झालेली. त्यामुळे शेडवरच्या हाताने घेतलेला आकडा सासूबाईंचा कमी आणि बेदाण्याचा जास्त.

सॅनिटायझरने हे सुटत नाही. त्याने जंतू मरतात, साखर जागेवरच राहते. शिवाय बोट ओलं असेल तर थेंब पातळ होतो. साबण आणि पाणी, मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसणं, एवढंच खरं. पाणी नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून दुसरा घ्यावा असं सांगतात. इतर वेळी ते चालतं, फळं हाताळलेल्या बोटाला मात्र तेही पुरत नाही. टोचताना बोटाच्या पेराची बाजू निवडा, मधली गादी नको. रक्त येत नसेल तर हात खाली सोडून हलवा, कोमट पाण्यात धरा. बोट जोरात पिळलं की रक्तासोबत पेशींमधलं पाणीही येतं.

मग स्ट्रिपचा डबा. त्याच्या झाकणात दमट हवा शोषणारा पदार्थ असतो. स्ट्रिपा डब्यातून काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या स्ट्रिपा मुदतीआधीच खराब होतात. डबा फोडल्याची तारीख पेनने त्यावरच लिहा. कंपनीनुसार तीन ते सहा महिन्यांत तो संपवायचा असतो, छापलेली मुदत पुढची असली तरी. साधारण ३० अंशांच्या वर ठेवायचा नाही. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत तो तासाभरात त्यापुढे जातो.

एवढं करूनही शंका राहिली तर मशीन लॅबमध्ये घेऊन जा. उपाशीपोटीच जा, कारण जेवणानंतर बोटातल्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर मुळातच जास्त असते आणि तुलना फसते. दंडातून रक्त काढल्यावर पाच मिनिटांच्या आत बोट टोचा. लॅबचा आकडा १०० किंवा त्याहून जास्त असेल तर मशीनने त्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असावं. १०० च्या खाली असेल तर १५ अंकांच्या आत. लॅब १४८ म्हणत असेल तर मशीनचे १२६ ते १७० हे सगळे आकडे खरेच धरायचे. दोन-तीन वेळा याच्या बाहेर गेलं तर मशीन बदला.

लॅबही चुकू शकते, हे लक्षात असू द्या. रक्त गावात काढून तपासणीला सांगली-मिरजेला पाठवत असतील, तर वाटेत नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात, दर तासाला ५ ते ७ टक्के. म्हणून साखरेसाठीचं रक्त फ्लोराइड असलेल्या करड्या बुचाच्या नळीत घेतात. बूच कुठल्या रंगाचं आहे ते बघायला काही लागत नाही.

आणि एक राहिलंच. २८७ च्या धक्क्यात तुमचं १४८ कडे दुर्लक्ष झालंय. औषधं चालू असलेल्या माणसाची उपाशीपोटीची शुगर साधारण ८० ते १३० मध्ये असावी असं धरतात. वयोमानानुसार डॉक्टर थोडी ढील देतात, पण १४८ त्यांना दाखवायलाच हवेत.

वय ५४. उपाशीपोटीची शुगर गेलं वर्षभर ११० ते ११८, एकदाही चुकली नाही. तरी एचबीए१सी ८.१ आली. यातलं खोटं कोण?
— एक दुकानदार, कराड

खोटं कोणीच नाही. उपाशीपोटीचा आकडा चोवीस तासांतल्या सगळ्यात शांत घटकेचा असतो. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेली साखर. त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून त्यात अडीच-तीन महिन्यांचा हिशेब येतो आणि त्यातला जवळजवळ निम्मा शेवटच्या महिन्याचा. ८.१ ला २८.७ ने गुणून ४६.७ वजा करा, १८६ येतात. ही तुमची रात्रंदिवसाची सरासरी. पहाटे ११५ असताना सरासरी १८६ व्हायची तर दिवसात कधीतरी शुगर २२०-२५० वर जाऊन बसतेय, आणि तुम्ही त्या वेळी कधी बघितलेलंच नाही.

ती वेळ शोधायला आठ स्ट्रिपा पुरतात. पहिल्या दिवशी सकाळच्या नाश्त्याच्या आधी एक आणि दोन तासांनी एक. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाची अशीच जोडी, तिसऱ्या दिवशी रात्रीची. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. गोळ्या आणि जेवण नेहमीचंच ठेवा. जेवणानंतरचा आकडा १८० च्या आत असावा. जोडीतला फरक ५०-६० च्या पुढे गेला तर गुन्हेगार ते जेवण. दुकानदारांच्या बाबतीत तो बरेचदा जेवणात नसतोच, तो असतो पाच वाजताच्या चहा-भडंगात. भडंग हलकं लागतं, मूठ-मूठ जाताना मोजलं जात नाही. पण चुरमुरे म्हणजे फुलवलेला तांदूळच, बहुतांश कार्बोहायड्रेट. त्यासोबत गिऱ्हाइकागणिक अर्धा कप गोड चहा. म्हणून चौथी जोडी संध्याकाळच्या खाण्याची लावा.

उपाय त्या-त्या वेळेचा करायचा. रात्री दहाला दोन भाकरी आणि वर भात असेल तर आधी उसळ, भाजी, कोशिंबीर संपवा आणि भाकरी शेवटी घ्या. तेवढंच अन्न, पण चढ कमी येतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, दुकानातल्या दुकानात का होईना. तरीही फरक कमी झाला नाही तर जोड्यांचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. जेवणानंतरच्या शुगरची औषधं वेगळी असतात, आणि फक्त उपाशीपोटीचा रिपोर्ट पाहून ती कोणी लिहून देणार नाही.

रिपोर्टच्या आधी दोन दिवस कडक पथ्य करायची सवय असेल तर मोडा. एचबीए१सी त्याने फसत नाही. फसते ती उपाशीपोटीची, आणि फसतात तुमचे डॉक्टर.

एचबीए१सी स्वतःही कधी कधी चकवते. लोह कमी असलेल्या पंडुरोगात ती खऱ्यापेक्षा जास्त येते. नुकतंच रक्त चढवलं असेल, रक्तस्राव झाला असेल, पेशी लवकर फुटत असतील तर कमी येते. तुमचं हिमोग्लोबिन रिपोर्टमध्ये नाही, तेही करून घ्या. फारच कमी निघालं तर फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी असते, ती दोन-तीन आठवड्यांची सरासरी देते. एचबीए१सी दर महिन्याला करण्यात पैसा जातो, तीन महिन्यांनी पुरे. दर वेळी लॅब तीच ठेवा. ७.१ ची ६.९ झाली म्हणून पेढे वाटू नका, एवढा फरक मोजण्यातच पडतो.

वडील ६२ वर्षांचे, माउलींच्या पालखीत लोणंदपासून पंढरपूरपर्यंत चालतात. ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ सकाळी आणि मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा. गेल्या वर्षी बरडच्या अलीकडे दरदरून घाम, हातापायाला कापरं, काहीबाही बोलायला लागले. कुणीतरी पेढा भरवला, पण शुद्धीवर यायला बराच वेळ गेला. मशीनवर ५८ होती. यंदा पाठवावं का?
— फलटणहून मुलगी

पाठवा, पण तयारी डॉक्टरांच्या खोलीत सुरू व्हायला हवी, निघण्याआधी दोन-तीन आठवडे. चालताना मांडीचे-पोटऱ्यांचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढतात, आणि ही ओढ चालणं थांबल्यावरही दिवसभर टिकते. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतच राहते, माणूस घरी बसलाय की वारीच्या वाटेवरचा चांदोबाचा लिंब ओलांडतोय हे तिला कळत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर इतकी खाली जाणं दुर्मीळ. म्हणजे डॉक्टरांना विचारायचं ते एवढंच : चालायच्या दिवसांत ग्लिमेपिराइड किती कमी करायची, की बंदच ठेवायची? उत्तर कागदावर लिहून घ्या, आकड्यांसकट. स्वतःच्या मनाने बदल नको. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तेही विचारा. अंगातलं पाणी कमी झालं आणि वर उपास पडला तर या गोळ्यांवर शुगर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं.

पेढ्याचं काय चुकलं? साताऱ्याचा कंदी पेढा असो की आणखी कुठला, त्यात खव्याचं तूप. स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात आणि साखर रक्तात पोचायला उशीर होतो. चॉकलेट, लाडू, बिस्किट यांचंही तेच. लागते ती नुसती साखर, १५ ग्रॅम. ग्लुकोज पावडर घरच्या वजनकाट्यावर तोलून १५-१५ ग्रॅमच्या चार पुड्या बांधा. दोन वडिलांच्या खिशात, दोन दिंडीतल्या सोबत्याकडे. पिशवी ट्रकवर ठेवलेली चालणार नाही, ट्रक पुढे गेलेला असतो. पुडी नसेल तर साखरेचे तीन सपाट चमचे अर्ध्या पेल्या पाण्यात. पण अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही गोळी चालू असेल तर साध्या साखरेवर भिस्त नको, ती गोळी साखरेचं विघटनच अडवते. तिथं ग्लुकोजच हवं.

शुगर ७० च्या खाली गेली की पुडी द्यायची, बसवून ठेवायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं. ७० च्या वर आली नाही तर दुसरी पुडी. वर आली की भाकरी-भाजी, दूध-पोहे असं टिकणारं काहीतरी खायला द्यायचं. मशीन हाताशी नसेल आणि लक्षणं तीच असतील तर तपासत बसू नका, पुडी आधी. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली शुगर एकदा वर येऊन पुन्हा घसरते, म्हणून त्या रात्री झोपताना आणि पहाटे तीनला तपासायची. वडिलांना तशा प्रसंगानंतर पुन्हा चालायला लावलं असेल तर ते चुकलं. त्या दिवशीची उरलेली वाट वाहनाने.

सकाळी निघताना १०० च्या खाली असेल तर आधी थोडं खाऊन घ्यावं. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीने शुगर आधी उसळते, आणि पुढचं जेवण लांबलं की गोळीचा जोर उरतो. ताक, शेंगदाणे, राजगिऱ्याची भाकरी थोड्या थोड्या वेळाने घेतलेली बरी.

पायांचं वेगळं. तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी चालण्याचा नेम या वर्षी माउलींच्या पायी ठेवावा. फोड आलेला कळणारच नाही. निघण्याआधी महिनाभर वापरून पायाला बसलेले बूट, सुती मोजे, पावसात भिजले की बदलायला दुसरा जोड. रात्री मुक्कामी कुणीतरी उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात. फोड फोडू नये. लाली किंवा पू दिसला तर मुक्कामाच्या दवाखान्यात दाखवल्याशिवाय पुढे निघू नये.

वडिलांना इन्सुलिन २० युनिट. या वेळी मेडिकलमधून केशरी टोपीच्या सिरिंजा दिल्या, आधी लाल टोपीच्या होत्या. चार दिवसांत शुगर ३०० च्या वर. इन्सुलिन खराब निघालं का? उन्हाळ्यात वीजही जाते.
— सांगली

इन्सुलिन नाही, सिरिंज. आपल्याकडच्या बाटल्यांमध्ये बहुतेक वेळा मिलिलिटरला ४० युनिट असतात, त्यांना लाल टोपीची यू-४० सिरिंज. केशरी टोपीची सिरिंज मिलिलिटरला १०० युनिट असलेल्या बाटलीसाठी. पेनच्या काडतुसांतही मिलिलिटरला १०० युनिट असतात. केशरी सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे ०.२ मिली. चाळीसच्या बाटलीतून तेवढं काढलं की पोटात जातात ८ युनिट. वडील चार दिवस निम्म्याहून कमी डोसवर आहेत. आजच सिरिंज बदलून आणा. पुन्हा २० द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, मधल्या काळात वाढलेल्या शुगरवर कुणी जास्तीचा डोस सांगितला असेल तर तो आता उतरवावा लागेल. उलट्या, पोटदुखी, धाप असेल तर फोनवर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

याच्या उलट घडलं तर जिवावर बेततं. पेनचं काडतूस संपत आलं म्हणून लाल सिरिंजने त्यातून २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर ते ५० युनिट होतात. काडतुसात सिरिंज घालायचीच नाही.

वीज गेल्याने काही बिघडलेलं नसावं. न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायची. बर्फाच्या कप्प्याजवळ नको, एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचंच. चालू बाटली बाहेर साधारण चार आठवडे टिकते, खोली थंड असेल तर. मे महिन्यात सांगलीतली खोली थंड नसते. मोठ्या कुंडीत लहान मातीचं मडकं ठेवून मधल्या फटीत वाळू भरा, वाळू रोज भिजवा, बाटली कोरड्या डबीत घालून आत ठेवा आणि वर ओलं फडकं. साधं असलं तरी चांगलं काम देतं. नदीकाठी राहत असाल तर २०१९ आणि २०२१ चे पूर आठवून जुलैपासून पंधरा दिवसांचं इन्सुलिन, सिरिंजा आणि डोस लिहिलेला कागद एका पिशवीत तयार ठेवा.

सेंद्रिय गूळ चालतो ना?
— शिराळा

नाही. सेंद्रिय उसात साखर कमी नसते. गुळात लोह असतं हे खरं, पण पुरेसं लोह मिळेपर्यंत गूळ खाल्ला तर शुगरचं काय होईल ते सांगायला नको. काकवीचंही तेच उत्तर.

लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ४६ आलं. क्रिएटिनिन नॉर्मल आहे. किडनी जायला लागली का? तपासणीच्या आदल्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे अजिंक्यतारा चढून आलो होतो.
— सातारा

किल्ल्याचं लिहिलंत ते बरं झालं. आदल्या चोवीस तासांत दमवणारा व्यायाम, ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, स्त्रियांची पाळी, फार चढलेली शुगर किंवा रक्तदाब, यांपैकी काहीही असलं तरी लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातून गळणारं प्रथिन, तात्पुरतं वाढतं. ३० च्या खाली नॉर्मल, ३० ते ३०० ही सुरुवातीची वाढ. पण एका नमुन्यावर शिक्का मारत नाहीत. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने, त्यातले दोन वाढलेले आले तरच ती खरी वाढ. पुढचा नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या आणि आदल्या दिवशी किल्ल्याला सुटी.

क्रिएटिनिन नॉर्मल म्हणून निश्चिंत होऊ नका. मूत्रपिंडाचं बरंच काम गेल्यावर ते वाढतं. त्यावरून वयानुसार काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतं याचा अंदाज, रिपोर्टमध्ये मागा. वाढ खरी निघाली तर रक्तदाब १३०/८० च्या आत आणण्यावर भर असतो, आणि त्यासाठी अल्ब्युमिनची गळती कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टर निवडतात. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणून घ्यायच्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या मात्र आजपासून बंद. डोळ्याच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर तीही करून घ्या. लघवीत जे दिसतं त्याच्याच जोडीच्या खुणा पडद्यावरही दिसतात.

मेटफॉर्मिनची गोळी शौचात अख्खी पडते. लागू होत नसेल का?
— विटा

होतेय. जास्त वेळ चालणाऱ्या, म्हणजे नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर लिहिलेल्या गोळीतलं औषध आतड्यात हळूहळू झिरपतं आणि रिकामं टरफल बाहेर पडतं. अख्खी दिसते म्हणून पुढच्या वेळी चावून किंवा कुटून घेऊ नका, दिवसभराचं औषध एकदम सुटेल आणि पोट बिघडेल.